पदूची गाठ

कळंबच्या पदूनं बांधलेला बैल कधी सुटला नाही. जनावर जेवढं ओढेल तेवढी आवळत जाणारी त्याची गाठ. गावात कुणाचा बैल मारका निघाला, की बोलावणं पदूलाच. या गाठीचा त्याला भारी तोरा होता.

साठ सालच्या हिवाळ्यात भातं झोडून झाली आणि त्याचा मेव्हणा लडकू त्याला गलबतावर घेऊन गेला. मंगळूरहून कौलं आणायची होती. निघताना बायको, जनी, हळूच म्हणाली, "एकुलता भाऊ हाय माझा, नि लई धडपड्या. तुमी बघा त्याच्याकडं."

जाताना वाऱ्यानं नीट नेलं. येताना मात्र त्याची मती फिरली. पहाटे जमिनीवरून, दुपारी समुद्रावरून आणि मधल्या वेळी कुठूनही. शिडाचा दोर पदूच्या हाती होता. गलबत हाकणाऱ्या तांडेलानं बजावलं होतं, "बांधायचा नाय रं, धरायचा. या वाऱ्याचा काय भरवसा?" पण सैल सोड, पुन्हा ओढ, यात पदूचे तळहात सोलून निघाले. एवढे मारके बैल बांधले, हे तर नुसतं कापड! तांडेलाची पाठ वळली तशी त्यानं दोर कडेच्या खुंटाला घेऊन आपली गाठ मारली, आणि वर हात ठेवून साळसूदपणे बसला.

तेवढ्यात वारा उलटला.

"सोड!" तांडेल ओरडला. पदू सोडायला गेला, तर गाठ दगड झालेली. गलबत एका कुशीवर कललं, कौलं घरंगळली, पाणी आत आलं. पदू नखांनी, दातांनी गाठ ओरबाडू लागला. लडकू कोयता घेऊन धावला. "दाजी, सरा!" एका घावात दोर तुटला. सुटलेलं टोक लडकूच्या छातीवर बसलं आणि तो पाण्यात फेकला गेला.

गलबत मागं वळवायला वारा हवा होता. सकाळपासून दहा दिशांनी फिरलेला तो मेला वारा आता मात्र फिरेना. लाटांत लडकूचं डोकं दिसत होतं. मग नुसत्या लाटा दिसत राहिल्या.

पदू घरी पोचला तेव्हा जनी गोठ्यात होती. त्याला एकट्याला बघून हसली. "लडकू मागं राहिला वाटतं? बरं, हे बघा. बैलानं किती हिसके दिले, पण तुमी जाताना गळ्यात मारलेली गाठ अजून सुटली नाय!"

पदू बैलाच्या गळ्याला मिठी मारून दातांनी ती गाठ सोडवू लागला.