दारात अडकलेली म्हातारी

भवानीनगरच्या कॉम्प्युटर क्लासातले मास्तर आमच्या पाणी-आंदोलनाची पत्रकं टाइप करून देत आणि मधल्या वेळात तलवारी-राक्षसांचा गेम खेळत. मला संताप यायचा. गावात नळाला पाणी नाही आणि हा शिकलेला माणूस महिनाभर गेममधल्या एका गुहेत!

खरं तर त्यांना राक्षसानं नव्हे, गेमच्याच बिघाडानं अडवलं होतं. गेममध्ये सोबतीला दिलेली एक म्हातारी त्यांच्या मागून चालायची आणि प्रत्येक दारात अडकायची. मास्तर माघारी फिरून तिला हळूच ढकलत बाहेर काढायचे. तेवढ्यात गेमच बंद पडायचा. मास्तर चष्मा पुसून पुन्हा सुरू करायचे.

"तिला सोडून पुढं जाता येत नाही का?" मी एकदा खेकसलो.

"येतंय की. पर म्हातारं माणूस हाय, पुढारी."

पाण्याच्या मोर्चाआधी पत्रक इंदापूरच्या छापखान्यात त्याच दिवशी पोचवायचं होतं आणि ऐन वेळी पत्रक भरून न्यायची माझी फ्लॉपी खराब निघाली. दुसरी आणायला बारामती गाठावी लागली असती. मी मास्तरांवरच ओरडलो. त्यांनी खिशातून स्वतःची फ्लॉपी काढली. महिन्याचा सगळा खेळ तिच्यावर साठवलेला होता. तो पुसून टाकून त्यांनी तिच्यावर माझं पत्रक भरलं.

"आणि म्हातारी?" माझा आवाज उतरला होता.

"जाती कुठं? पयल्या दाराशी उभी आसंल. आणतो परत," मास्तर म्हणाले. "तुमी एस्टी गाठा."