वाणातली चित्रं

दुसरबीडच्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली शाळेतल्या बाईंना भाड्याने दिलेली होती. बाई मूळच्या लोणारच्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, मग त्या शिकल्या आणि नोकरीवर इकडे आल्या. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता आणि मी बारा वर्षांची. नाकावर राग आणि जिभेवर उत्तर, असं आई माझ्याबद्दल सांगायची. ते आजही खोटं नाही.

बाई रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने एक चित्र काढत आणि त्याखाली एक ओळ लिहीत. ओळ त्यांचीच असे. ‘पडलेलं बीसुद्धा उगवतं’ असं काहीतरी. दुपारी फळा पुसला जाई आणि मला उगाच चुटपुट लागे. एकदा आईने शाळेत डोकावून ते पाहिलं आणि घरी येताच ठरवून टाकलं, की यंदा संक्रांतीच्या वाणाला कंगवे नकोत, आरसे नकोत, ही चित्रं लुटायची.

पौषातल्या त्या दुपारी आठवल्या की मला अजून गुंगी येते. अंगणभर ऊन, सुपात तीळ, आणि वाट्यांमध्ये घरचेच रंग : नीळ, हळदीचं पाणी, आईच्या आलत्याचा लाल. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरांच्या तारखांच्या पानांची कोरी पाठ. वरच्या देवाच्या चित्राला कात्री लावायची नाही, ही आईची सक्त ताकीद. हळदीत नीळ मिसळली की हिरवा रंग होई आणि त्या हिरव्याचं गोल पाणी बाईंच्या प्रत्येक चित्रात येई. त्यांच्या गावचं तळं. ते रंगवताना त्या बोलत नसत. मी बाजूला वाट्या धरून बसायची, आणि बघता बघता आमचं अंगण, तुळस, वाळत घातलेली लुगडी, सगळंच त्या पाण्यात अलगद उतरतंय असं वाटायचं. आईची हाक आली तरी मला ती फार लांबून ऐकू यायची.

आईला लिहिता येत नव्हतं, पण ओळ सुचायला अक्षर कशाला लागतं? एकदा चुलीपासूनच ती ओरडली, “बाई, लिवा, मी हाय म्हणून हे घर हाय!” बाईंनी एक शब्दही न सुधारता तसंच लिहिलं.

“कोणाकोणाच्या घरी लागतील हो ही?” बाई पुन्हा पुन्हा विचारत. सणासुदीला त्यांना कोणी उंबऱ्याच्या आत बोलवत नसे. आपण नाही तर आपली चित्रं तरी त्या भिंतींवर लागावीत, एवढीच त्यांची आस होती. आईला ती कळत होती, आणि गावच्या बायकाही तिला पुरत्या ठाऊक होत्या. विधवेच्या हातचं वाण कोणी घेणार नव्हतं. म्हणून तिने मला बजावलं, “कोणी इचारलं तर तूच काढले म्हणून सांग.”

हळदीकुंकवाच्या दिवशी बाईंनी आपलं दार आतून लावून घेतलं. बायका आल्या, हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. मी ताटातलं एकेक चित्र उचलून ओळ वाचायची आणि हातात द्यायची, कारण बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. आईची ओळ ऐकून एक नवी सासुरवाशीण तोंडाला पदर लावून हसली, आणि मग डोळे पुसायला लागली. “पोरीच्या हाताले लई गोडी हाय वो,” सगळ्या म्हणाल्या. फुकटचं कौतुक इतकं चवदार असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी ते मिटक्या मारत खाल्लं.

तेवढ्यात पाटलीणबाई म्हणाल्या, “पोरी, माह्या धाकट्या सुनेसाठी एक काढ. इथंच, माह्यासमोर.”

माझी पाचावर धारण बसली. कागद आला, वाट्या आल्या. गोल काढायला गेले ते लांबोळकं झालं आणि हिरवा रंग फुटून बाहेर पळाला.

“हे काय, भाकर काढून राह्यली का?”

सगळ्या हसल्या. मला हसलेलं सहन होत नाही, कधीच झालं नाही. खरं बोलावं वगैरे काही मनात नव्हतं. मी नुसती चिडले, आणि बंद दाराकडे बोट करून किंचाळले, “मले नाही येत! सारे बाईनं काढले!” वर बाईंचं नावही घेतलं, शाळेच्या कागदावर असतं तसं पूर्ण.

हसणं थांबलं. एकीने हातातलं चित्र हळूच ताटात ठेवलं. दुसरीने ठेवलं. पाटलीणबाईंनी आपलंही ठेवलं आणि बोटं पदराला पुसली. आई कुंकवाचा करंडा धरून तशीच उभी. मग ती सासुरवाशीण उठली. “माहं राहू द्या,” एवढंच म्हणाली आणि चित्र पदराखाली धरून निघून गेली. तिच्यामागून आणखी तिघी गेल्या, आपापलं चित्र घेऊन. बाकीची सगळी ताटात पडून राहिली.

घर रिकामं झाल्यावर बाईंनी दार उघडलं. मधली भिंत पातळ होती, त्यांनी सारं ऐकलं होतं. माझ्यामुळे त्यांची चित्रं परत आली म्हणून मी हमसून हमसून रडत होते. त्या ताटाजवळ बसल्या आणि चित्रांवर सांडलेलं कुंकू फुंकून काढू लागल्या.

“किती गेली?”

“चारच.”

त्यांनी मान हलवली.

“मघाशी घेतलंस तसं माझं नाव पुन्हा एकदा घे,” मग त्या म्हणाल्या. “नवरा गेल्यापासून हळदीकुंकवात ते कोणी घेतलं नव्हतं.”

मी हुंदके देत घेतलं. आणि माझ्यामागून आईनेही घेतलं, जिने त्यांना तोवर ‘बाई’शिवाय दुसरी हाक कधी मारली नव्हती.