व्हर्डीची पहिली बंदूक

माझी थोरली बहीण व्हर्डी टिप्टन हिनं बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा हातात पटाशी धरली, आणि तीही नवरा जेवेना म्हणून.

नवरा एनॉस ठासणीच्या बंदुका करायचा. आमच्या टेनेसीच्या डोंगरात, एकोणीसशे सत्तावन्न साली, हे काम अथपासून इतिपर्यंत हातानं करणारा तो एकटाच उरला होता. दुकानात काडतुसांच्या बंदुका ढिगानं मिळत, पण दर ऑक्टोबरात बैलाचं मांस बक्षीस लावून नेमबाजी भरे, तिथं जुनी माणसं एनॉसचीच बंदूक घेऊन येत.

त्या ऑक्टोबरात मक्याची कणसं सोलता सोलता तो ओसरीवर कोसळला. जगला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही. एकच शब्द उरला, "चल." तहान लागली तरी "चल," राग आला तरी "चल." डॉक्टर म्हणाले, त्याला सगळं कळतंय. दारात मला निरोप देताना व्हर्डी म्हणाली, "तेच तर वाईट आहे, ओमा. कळत नसतं तर सुटला असता."

डिसेंबर लागला तसं त्यानं भिंतीकडे तोंड केलं. ताकात कुस्करलेली मक्याची भाकरी हा त्याचा जीव की प्राण; आता चमचा ओठाला लागला की दातखीळ. पाद्रीबाबा प्रार्थना करून गेले. एका सकाळी मी गेले तर व्हर्डी ओढ्याकाठी उभी राहून बंदुकीच्या दारूचे डबे पाण्यात रिकामे करत होती.

"अगं, हे काय?"

"पहाटे सरपटत कामाच्या खोलीपर्यंत गेला होता. डाव्या हातात डबा होता." शेवटचा डबा तिनं ओढ्यात पालथा केला.

घरात आल्यावर ती तडक कामाच्या खोलीत गेली आणि अर्धवट राहिलेली बंदूक घेऊन आली. नळी तयार होती, दस्त्याचं लाकूड नुसतं कापलेलं. दोन खुर्च्यांवर तिनं ते पलंगाजवळ आडवं टाकलं.

"एनॉस, ही पुरी करायची. सांग कशी ते."

तो हलला नाही. तिनं पटाशी उचलली, मनाला येईल तिथं टेकवली आणि हातोडी मारली. लाकडाचा ढलपा उडाला. पुन्हा मारली. तिसऱ्या घावाला पलंगाच्या कडेवर एनॉसची डावी मूठ आपटली.

"चल! चल!"

"चल काय? तोंड इकडे कर नि दाखव!"

तो वळला. चेहरा लालभडक. व्हर्डीनं हातोडी खाली ठेवली. "दोन महिने मी रडतेय तर ढिम्म हलला नाहीस, आणि लाकडाचा लगेच कळवळा? मी लाकडाहून गेले का रे?"

एनॉसच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी तो चार घास जेवला.

मग त्यांचं तसं चालू झालं. चुकलं की मूठ आपटायची, बरोबर असेल तर काहीच नाही. शाबासकी तर बोलता येत होतं तेव्हाही त्यानं कुणाला दिली नव्हती. नळी लाकडात चपखल बसावी म्हणून तिला काजळी फासायची, लाकडात दाबायची, उचलायची, जिथं काळं उमटेल तिथं केसाएवढं तासायचं. पुन्हा फासायची. असं दिवसातून चाळीस वेळा, तीन आठवडे. व्हर्डीचे हात कोपरापर्यंत काळे. "आधी हा घास," ती म्हणे, "मग पुढचं तासते."

फेब्रुवारीत, दारू ठासायचा गज ठेवायला भोक पाडायचं आलं. नळीच्या खाली, लाकडाच्या पोटातून हातभर लांब सरळ भोक. गिरमिट जरा तिरकं गेलं की सगळं लाकूड वाया. व्हर्डी गिरमिट फिरवी, एनॉस एक डोळा मिटून रेषा बघे आणि बोटानं खूण करी, इकडे, तिकडे. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी लाकडाच्या बाजूतून गिरमिटाचं टोक बाहेर आलं.

मूठ आपटली नाही. व्हर्डीनं वर बघितलं. एनॉस गोंधळून नळीकडे बघत होता. टोक त्याच्या उजव्या हाताला बाहेर आलं होतं आणि त्याला ते दिसतच नव्हतं. तिनं त्या बाजूनं हात हलवला. पापणीही लवली नाही. एवढे महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं की उजवीकडची अर्धी नजरही गेली आहे. त्याच्याही नाही.

तिनं त्याचा डावा हात धरून बोट त्या भोकावर ठेवलं. त्यानं बोट फिरवलं आणि त्याला कळलं. मग पुन्हा भिंत.

व्हर्डी कोंबड्यांच्या खुराड्यामागं जाऊन जनावरासारखी ओरडली. मी ओढ्यापलीकडून ऐकलं. धावत गेले तर म्हणाली, "मीच त्याला दाखवायला लावलं, ओमा. निदान त्याला वाटत तरी होतं की आपलं काही उरलंय."

गोठ्याच्या माळ्यावर वाळलेली एकच फळी शिल्लक होती. आठवडाभर ती तिच्याकडे बघायची, हात लावायची नाही. आठव्या दिवशी खाली उतरवली. एकटीनं तासायला लागली. एनॉस विचारूनही वळेना. एक दिवस तिनं लाकूड सरळ पलंगावरच, त्याच्या डाव्या हाताखाली ठेवलं. "डोळ्यांनी नको. अंगठ्यानं बघ."

मग अंगठा खाचेतून सावकाश पुढं गेला, एका जागी थांबला आणि नखानं तिथं खूण केली. व्हर्डीनं काजळी लावून पाहिलं. नेमका तिथंच उंचवटा होता.

असे पाच आठवडे मिळाले. या वेळी भोक सरळ गेलं. एप्रिलमध्ये, दुपारच्या जेवणानंतर, एनॉसला दुसरा झटका आला आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला. घोडा आणि चाप बसवायचे राहिले होते.

मला वाटलं, आता ती ते सगळं शेकोटीत घालणार. तिनंही तसंच ठरवलं होतं, तसं बोललीही. पण घरात दुसरं करायला काही नव्हतं, आणि रिकाम्या पलंगाकडे पाठ करून बसायला कामाची खोली तेवढी बरी होती. घोड्याची स्प्रिंग तिनं भट्टीत स्वतःच घडवली; चाप चार वेळा बसवला, चार वेळा काढला. कुणाला विचारावं? जूनमध्ये बंदूक झाडाला बांधून, विकत आणलेली दारू दुप्पट ठासून, चापाला बांधलेली दोरी लांबून ओढली. नळी टिकली. ती गवतावर बसली आणि तासभर उठली नाही.

ऑक्टोबरच्या नेमबाजीला ती बंदूक घेऊन गेली. बाया तिथं पोळ्या भाजायला, कॉफी द्यायला असत. पुरुष बाजूला सरले. तिनं नेम धरला, चाप ओढला. चकमक पडली, ठिणगी उडाली, आणि क्षणभर थांबून मग बार उडाला. गोळी निशाणाच्या फळीच्या कडेला लागली.

क्लीटस हॅम्बी म्हणून एक म्हातारा नेमबाज होता. मान हलवून म्हणाला, "एनॉसची बंदूक असं करत नसे, बाई."

"ही एनॉसची नाहीच," व्हर्डी म्हणाली. "मी केली. काय चुकलं ते मला सांगा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, बंदूक घेतली, कानाशी धरून घोडा दोनदा मागंपुढं केला. "स्प्रिंग मऊ आहे. पोलाद नीट तापवलं नाहीस. आणि ठिणगी आत जाते ते कानाचं भोक बारीक झालंय."

"किती तापवायचं?"

"ते मला कुठं येतंय? मी फक्त चालवतो."

आम्ही घरी आलो तशी फाटकाशी गाडीतून उतरून तिनं बंदूक खांद्यावर टाकली, कामाच्या खोलीचं दार उघडलं आणि भट्टीत कोळसे भरू लागली.