पोटमाळ्यावरच्या बायका

माझ्या मशीनवर मालकाची भाची बसली होती. माझा ॲप्रन घालून. नखं रंगवलेली, सुईत दोरा ओवता येत नव्हता. आणि रोज तिथे शिवणाऱ्या आम्हा बायकांना सुपरवायझरने पोटमाळ्यावर, कापडाच्या ताग्यांमध्ये कोंबलं. बाहेरून कडी घातली. "आवाज केलात तर उद्यापासून यायचं नाही."

अंधेरीच्या एमआयडीसीतला आमचा गाळा. ज्या ब्रँडचे कपडे शिवतो, त्यांची माणसं आली होती. कामगारांना नीट वागवतात का, ते बघायला. आमची नावं हजेरीवर नाहीत, पीएफ नाही, म्हणून आम्ही दिसायचं नाही. दर व्हिजिटला निमूट वर जायचो. सगळ्याच.

खिडकी नाही, पंखा नाही. सुमनमावशी साठीची, तिला शुगर, सारखं लघवीला लागतं. म्हणाली, "माका आता धरवणा नाय गो." मी दार वाजवलं. सुपरवायझर बाहेरच होता. हसला मेला. म्हातारीला सांग, दाबून ठेव म्हणून. खाली माईकवर कामगारांच्या सन्मानाबद्दल भाषण चाललं होतं. टाळ्या पडत होत्या. मावशीची साडी भिजली. ती ताग्यांकडे तोंड करून रडायला लागली.

माझं डोकंच फिरलं. ताग्यांवर पडलेली कात्री घेतली आणि दारावर हाणत सुटले.

दार उघडलं ते आवाज ऐकून वर आलेल्या ब्रँडच्या मॅडमनी. मराठी बोलणाऱ्या. वाटलं, सुटलो. सगळं सांगितलं. त्यांनी मावशीच्या साडीकडे बघितलं, नाकाला ओढणी लावली आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मी हे लिहिलं तर ऑर्डर जाईल. तुमचंच काम जाईल. मी काही बघितलेलं नाही."

आणि स्वतःच्या हाताने दार ओढायला लागल्या.

मी पाय मध्ये घातला. सुपरवायझरची शिवी परवडली, हा गोडवा नाही. किळस आली मला त्या बाईची. माझ्याआधी मावशीच बाहेर पडली. तशीच ओल्या साडीत, पाहुण्यांच्या मधून, संडासाकडे. भाषण थांबलं. मी भाचीसमोर उभी राहिले. "ऊठ."

ती उठली.

त्याच संध्याकाळी आम्हा दोघींना काढलं. मावशी आता घरीच असते. मी बाजूच्या गाळ्यात शिवते. तिथेही व्हिजिट येणार आहे, कालपासून पोटमाळा झाडतायत. मी आजच सांगून ठेवलंय, वर जाणार नाही. माझ्या मशीनवर बसेन. विचारलं तर बोलेन. नाही विचारलं तरी बोलेन.