टेकध्वजनं चामड्याला हात लावला तो दिवस

डेहराडूनच्या गढीत, गुरखा पलटणींच्या वस्तीत, कुणालाही विचारा, फुटबॉलच्या गोलात उभं राहावं तर टेकध्वज बुढाथोकीनं. बाकीचे उभे राहतात ते खांबाला सोबत म्हणून. उंचीला तो बेताचाच, नेपाळातला मगर जातीचा माणूस असतो तेवढा, पण चेंडू सुटायच्या आधीच कुठं जाणार ते त्याच्या गुडघ्यांना कळायचं. असा गोली पलटणीत झाला नाही, व्हायचा नाही. हे त्याचा थोरला भाऊ नरध्वज सांगायचा. नरध्वज पेन्शनीत आलेला हवालदार, आवाज परेडीचा, त्याला गप्प बसवणार कोण?

पण या घराच्या मागं एक भूत लागलं होतं. ड्युरँड कपाचं.

हा कप सिमल्याचा. ड्युरँड नावाचा एक बडा साहेब आजारातून उठत होता, तिथं बरे होणारे सोल्जर खाटांवर लोळताना बघून त्याला वाटलं, यांना चेंडूमागं पळवावं. म्हणून अॅनाडेलच्या मैदानावर हा कप सुरू झाला, आणि तोही फक्त फौजेसाठी. कैक वर्षं गोऱ्या पलटणीच तो इकडून तिकडं नेत होत्या. टेकध्वजचा आजा त्या मैदानावर रूळ फिरवायला असायचा. रूळ ओढता ओढता तो खेळ शिकला आणि पलटणीच्या संघात निवडला गेला. तर पहिली लढाई लागली. कप बंद, आजा बोटीवर. परत आला तो छातीत विषारी धूर घेऊन, दहा पावलं चालला की खाली बसायचा.

मग बाप. तोवर कप सिमल्याहून दिल्लीला उतरला होता, गोऱ्यांच्या हातून सुटून पहिल्यांदा देशी क्लबाकडं गेला होता. बाप म्हणाला, आता आपली पाळी. दुसरी लढाई पेटली होतीच, कप पुन्हा बंद. बाप ब्रह्मदेशात. आला तो न वाकणारा गुडघा घेऊन. आणि टेकध्वजचं नाव संघात लागलं त्या साली चीन उतरला. कप रद्द. टेकध्वज बर्फात गेला आणि डाव्या पायाची दोन बोटं तिथंच सोडून आला.

लढाई लागली की कप थांबतो, आणि लढाई लागली की बुढाथोकींचा माणूस जातो. गाठ पडणार कशी? गढीतले लोक चेष्टा करायचे, "यांच्या घरी मुलगा झाला की सरकारला आधी कळवा, लढाईची तयारी करायला बरं."

चीनच्या लढाईनंतर दोन वर्षांनी मात्र गाठ पडली. पलटण एकेक मोठा संघ आडवा करत उपांत्य सामन्यात जाऊन बसली, आणि गोलात टेकध्वज. समोर कलकत्त्याचा बडा क्लब, ज्यांची पोरं पगार घेऊन खेळतात आणि सकाळी अंडी खातात. टेकध्वजची नोकरी त्या हिवाळ्यातच संपत होती. म्हणजे हे साल गेलं की घराण्याचं नाव त्या मैदानावरून कायमचं पुसलं. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो रात्रंदिवस तेच चघळत होता.

दिल्लीला निघताना आमा, म्हणजे आई, खाटेवर होती. दम लागायचा, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर राहायचं. टेकध्वज उंबऱ्यात घुटमळला. जाऊ की नको? आमा म्हणाली, "जा की. मी काय खाट घेऊन पळून जाते?" नरध्वजनं छाती ठोकून सांगितलं, आमाला बघायला मी आहे, तू कप बघ.

सामन्याच्या दिवशी सकाळी दिल्ली छावणीत तंबूबाहेर बसून टेकध्वज बुटांना मेण चोळत होता. समोरून नरध्वज येताना दिसला. टेकध्वजला आधी आनंदच झाला. दाज्यू सामना बघायला आला! बूट टाकून तो धावला आणि रिवाजाप्रमाणं पाया पडायला वाकला.

नरध्वज दोन पावलं मागं सरकला.

एवढंच. तोंडातून शब्द नाही. पण आमच्यात थोरला भाऊ पाया पडू देत नाही तो एकाच वेळी. सुतक असलं की. सुतकातला माणूस दुसऱ्याला शिवत नाही, नमस्कार घेत नाही, आशीर्वाद देत नाही. टेकध्वज वाकलेला तसाच राहिला. समोर दाज्यूचे पाय. पायांत चामड्याचे जोडे नव्हते, कापडी होते, धुळीनं भरलेले.

आता हेही सांगायला हवं, की सुतक धरतं ते ऐकल्यापासून. माणूस परदेशी असेल आणि कानावर शब्द पडला नसेल, तर तो मोकळा. शब्द पडला की मीठ बंद, कुणाला शिवणं बंद, चामड्याला हात लावणं बंद. बुटाला नाही, पट्ट्याला नाही, चेंडूला तर नाहीच. त्यातून बापाची क्रिया थोरल्यानं करायची, आईची धाकट्यानं. टेकध्वज कांछा. घरातला धाकटा. आमाचं सगळं त्याच्याच डोक्यावर.

तो सरळ झाला. नरध्वजनं तोंड उघडलं. "कांछा, अजून तिकडं..."

"बोलू नका, दाज्यू."

"ऐक तर..."

टेकध्वजनं दोन्ही कानांवर हात दाबले. एवढा दांडगा माणूस, बर्फात बोटं कापली तरी ओरडला नव्हता, तो कान दाबून डोकं हलवत राहिला. "संध्याकाळपर्यंत बोलू नका. तुमच्या पाया पडतो. पाया पडू देत नाही तर नुसता म्हणतो, पण बोलू नका. एकदा बोललात की मी गोलात उभा राहू शकत नाही. आजा गेला, बाबा गेले. मी गेलो की संपलं."

नरध्वज उभा होता. सडकेवर एक ट्रक थांबला होता, गढीचाच, ओळखीच्या ड्रायव्हरचा. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. नरध्वजनं एकदा ट्रककडं बघितलं, एकदा भावाकडं, एकदा तंबूबाहेर वाळत टाकलेल्या गोलीच्या जर्सीकडं. मग त्यानं ड्रायव्हरला हातानं खूण केली, जा. ट्रक गेला.

टेकध्वजनं ते पाहिलं, पण मनाची समजूत घातली. दाज्यू इथं आलाय म्हणजे तिकडचं आटोपलं असणार. आग दिल्याशिवाय घरचा थोरला घाट सोडत नाही. फौजेतल्या घरात चालतं हे, धाकटा सीमेवर असला तर थोरला हात लावतो, मग धाकटा येऊन क्रियेला बसतो. एकदा त्याला वाटलं विचारावं. पण विचारायचं म्हणजे ऐकायचं.

लंगरात त्याच्यापुढं भात-डाळ आली. घास हातात घेतला आणि मिठाचा वास नाकात गेला. मीठ खाल्लं तर पाप, नाही खाल्लं तर सुतक मानलं. घास ताटात परत ठेवला. सुबेदार हस्तवीर गुरुंग संघाचे कप्तान होते, त्यांनी विचारलं, पोट बिघडलं का? टेकध्वज हो म्हणाला. "मोठ्या सामन्याआधी सगळ्यांचंच बिघडतं," सुबेदार म्हणाले, "कलकत्तेवाल्यांचं तर तुझं नाव ऐकून बिघडलं असेल." सगळे हसले. तोही हसला, आणि हसताना त्याला वाटलं, हे तोंड माझं नाही.

बूट घालताना त्यानं डोळे मिटले.

दिल्ली दरवाज्याजवळच्या मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. शिटी झाली. पहिला चेंडू आला तो सरळ हातात. ओला, जड, शिवणीचा चेंडू. त्यानं छातीशी धरला आणि अंगावर काटा आला. जणू आमाच्या अंगावरून कुणी पांघरूण ओढलं. चेंडू पुढं मारला. दुसरा आला. तिसरा. त्यानं ठरवलं, हाताकडं बघायचंच नाही. हात माझे नाहीत, पलटणीचे आहेत.

आणि काय खेळला तो! कलकत्तेवाले डावीकडून आले, उजवीकडून आले, डोक्यानं मारलं, टाचेनं मारलं. टेकध्वज जमिनीवर, टेकध्वज हवेत, टेकध्वज चिखलात. लोक आधी कलकत्त्यासाठी ओरडत होते ते हळूहळू त्याच्यासाठी ओरडायला लागले. पण तो वाचवत होता ते भुकेल्या, घाबरलेल्या माणसासारखं. प्रत्येक चेंडूगणिक त्याला वाटे, आता एक सुटू दे, म्हणजे सगळं संपेल. आणि हात काही सोडत नव्हते. हाफटाइमला सगळ्यांनी लिंबू चोखलं, त्यानं नुसतं पाणी घेतलं, तेही ओंजळीत वरून.

गोलामागं दोरीपाशी नरध्वज उभा होता. कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून. परेडीचा आवाज असलेला माणूस, पण पूर्ण सामनाभर एक हाक नाही मारली.

सामना संपत आला तेव्हा पलटणीच्या एका पोरानं कुठूनसा चेंडू आत ढकलला. मैदान उसळलं. मग उरलेला वेळ सगळे कलकत्तेवाले टेकध्वजवर तुटून पडले. शेवटचा फटका खांबाला लागून परत येत होता, एक उंच गडी पुढं झेपावला, आणि टेकध्वजनं त्याच्या पायांत अंग टाकून चेंडू दोन्ही हातांनी पोटाखाली घेतला. शिटी झाली तरी तो सोडेना. सुबेदारांनी बोटं उलगडून काढला.

लोक खांद्यावर घ्यायला धावले. त्यानं सगळ्यांना हातानं मागं सारलं. "शिवू नका," तो म्हणाला. कुणाला कळलं नाही. तो सरळ दोरीपाशी गेला, वाकून बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी दाज्यूसमोर उभा राहिला.

"आता बोला."

 नरध्वजचा आवाज अगदी बारीक आला. "काल संध्याकाळी गेली. तुझं नाव घेत होती."

"आग कुणी दिली?"

नरध्वजनं नजर खाली, भावाच्या अनवाणी पायांकडं नेली.

"दाज्यू, आग कुणी दिली?"

"तुझ्यासाठी ठेवलीय. टोंस नदीच्या घाटावर नेऊन थांबलेत. मी तुला घेऊन येतो म्हणून सांगून आलो होतो. आज दिवस मावळेपर्यंत थांबणार, मग चुलतभाऊ देईल." त्यानं दोरी मुठीत धरली. "तो ट्रक त्यासाठीच होता, कांछा."

टेकध्वजनं मान वर केली. दिल्ली दरवाज्यावर ऊन पिवळं पडलं होतं, कडेनं तांबूस. डेहराडून इथून सात-आठ तास. पंख असते तरी गाठलं नसतं. मागं लोक पलटणीच्या नावानं ओरडत होते. टेकध्वज खाली बसला, मातीत, आणि दोन्ही तळहात मातीवर घासत राहिला, घासत राहिला, कातडं सोलून निघालं तरी थांबेना. सुबेदार धावत आले, त्यांनी नरध्वजचे कापडी जोडे बघितले आणि सगळं उमजून टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ घाटावर पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. दगड अजून कोमट होते. टेकध्वज त्यांच्यावर हात ठेवून बसला तो उठवल्याशिवाय उठला नाही.

डोकं मुंडून, पांढरं नेसून तो घरच्या कोपऱ्यात बसला. शेणानं सारवलेली जागा, गवताचं अंथरूण, हातानं शिजवलेला एकवेळचा अळणी भात. पलटणीचे पंडित बाजे क्रियेला आले. म्हातारे, भल्या मनाचे. अंतरावर मांडी घालून बसले आणि पहिला प्रश्न तोच विचारला जो विचारावा लागतो. सुतक मोजायचं तर कळलं कधी?

"संध्याकाळी," नरध्वज दारातून घाईनं म्हणाला. "सामना झाल्यावर. मी स्वतः सांगितलं, बाजे. त्याच्या आधी त्याच्या कानावर काही नव्हतं."

बाजेंनी मान हलवली. सुटल्यासारखे दिसले तेही. "मग दोष नाही. न ऐकलेल्याला दोष लागत नाही."

"सकाळी," टेकध्वज म्हणाला.

"कांछा..."

"सकाळी कळलं, बाजे. पाया पडायला वाकलो तेव्हाच. कान मी झाकले, पण पाय बघितले होते. कळल्यावर चामड्याला हात लावला. एकदा नाही. पूर्ण सामना. या दोन्ही हातांनी."

बाजेंनी त्याच्या सोललेल्या तळव्यांकडं बघितलं. म्हणाले, तू न बोलतास तर कुणाला कळलं नसतं. टेकध्वज म्हणाला, ती थांबली होती, तिला कळलं. मग बाजेंनी प्रायश्चित्त सांगितलं, गोमूत्र, उपास, जप. आणि वर्षभर पांढरं नेसून आईची बारखी पाळायची, त्या वर्षात चामडं वर्ज्य. वर्षभर म्हणजे नोकरी संपेपर्यंत आणि पुढं. म्हणजे खेळ कायमचाच सुटला. ते बाजेंनाही कळत होतं, टेकध्वजलाही.

दिल्लीत अंतिम सामना होता त्या दुपारी गोलात दुसराच कुणीतरी उभा राहिला. गढीतली माणसं समाचाराला आली, अंगणात बसली. भिंतीच्या पलीकडं नरध्वजचा आवाज चढला, परेडीचा, पूर्वीसारखा. शेवटचा फटका खांबाला लागून कसा आला, तो ताडमाड गडी कसा झेपावला, आणि आमच्या कांछानं कसं अंग टाकलं. असा गोली पलटणीत झाला नाही, व्हायचा नाही. तीन पिढ्यांचं एकाच दिवशी फेडलं. लोक वा वा म्हणत होते. सांगता सांगता नरध्वजचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

आत टेकध्वज सगळं ऐकत होता. उठून त्याला थांबवावंसं वाटलं. पण क्रियेतल्या माणसाला कोपरा सोडता येत नाही.