मॅडमना हात देऊ नका

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावच्या सरकारी मराठी शाळेत मी आठवीत होतो, तेव्हा इंदुमती वाघमारे मॅडम बदलून आल्या आणि आम्हाला जीवशास्त्र शिकवू लागल्या. त्यांची आणि माझी ओळख माझ्या आगाऊपणातून झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही.' मला वाटलं, मॅडम चुकल्या. शिक्षकाची चूक सापडली की आठवीतल्या पोराला दुसरं काही सुचत नाही. मी उठून विचारलं, "मंग मॅडम, मी दार ढकलतो तवा काय करून राह्यलो?"

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी मला बंद दारापाशी नेलं. उजव्या हातानं दार ढकलायला सांगितलं आणि डावा हात उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला ठेवायला लावला.

"ढकल आता. मागं काय लागते हाताले?"

"कडक लागते, मॅडम."

"आन पुढून?"

"पुढून ढिल्लं हाय."

"मंग मागच्या स्नायूनं कोपराखालचं हाड ओढलं, म्हणून हात सरळ झाला, अन् सरळ होणाऱ्या हातानं दार ढकललं. हात वाकवाचा असला का पुढचा ओढते, मागचा ढिल्ला पडते. दोघं एकदम ओढाले लागले तं हात जागचा हालत नाही. बस खाली."

मी बसलो. पण वर्गातल्या प्रत्येकाला दंडाचा मागचा भाग चाचपून पाहायचा होता. दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी आळीपाळीनं ते दार ढकललं आणि त्याचं वरचं बिजागर निखळलं. हेडमास्तर चौकशीला आले तेव्हा मॅडमनी शांतपणे सांगितलं, "धडा शिकवताना निखळलं, सर." आमच्यापैकी एकाचंही नाव त्यांनी पुढे केलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य आहे, जरी पुढे मी तहसील कचेरीतला कारकून झालो आणि स्नायूंशी माझा संबंध खुर्चीवर बसण्यापुरताच उरला.

मॅडम मूळच्या भीमपूरकडच्या. आईवडील दुसऱ्याच्या वावरात राबणारे, आणि घरात शाळेची पायरी चढलेल्या मॅडम पहिल्या. आपली आई कापसाच्या पऱ्हाटीचा भारा डोक्यावर सहज उचलायची, पण उतारवयात तिला सरळ उभं राहता येत नव्हतं, हे त्या वर्गात मोकळेपणानं सांगत. कष्टानं अंग घडतं तसं मोडतंही, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत त्या रविवारी वावरांवर जात. वेचणाऱ्या बायांना सांगत, की कमरेला बांधलेली कापसाची ओटी पूर्ण भरायची वाट पाहू नका, अर्धी झाली की रिकामी करा. अधूनमधून ताठ उभ्या राहा, कमरेवर हात ठेवून जरा मागे वाका आणि पाणी प्या.

एका कास्तकारानं कुरकुर केली, "मॅडम, बायांचा टाइम खराब होते ना."

मॅडम म्हणाल्या, "दादा, दुपारी बैल सोडता का नाही सावलीत? त्याच्या खांद्याचा इचार करता, मंग बाईच्या पाठीचा काऊन नाही?"

थोड्या वेळानं बांधावर कोणी पाहत नाहीसं बघून तोच कास्तकार कमरेवर हात ठेवून मागे वाकत होता, असं बायांनी आम्हाला सांगितलं. मॅडमना हा किस्सा फार आवडतो.

शिकवण्याची त्यांची तऱ्हाच अशी. शरीरात स्नायू तीन तऱ्हेचे असतात, हे पुस्तकातही होतं. मॅडम म्हणत, हृदयाचा स्नायू आणि आतड्यातला स्नायू आपल्याला विचारत नाहीत, झोपेतही आपलं काम करत राहतात. हाडांना धरून असलेला तेवढा आपलं ऐकतो. जो ऐकतो त्याला कामाला लावणं आपल्या हातात आहे. एकदा त्या कसल्याशा दाखल्याच्या नकलेसाठी माझ्या कचेरीत आल्या. मी खुर्चीतून न उठता, नुसता हात लांबवून कपाटातली फाईल काढली आणि स्वतःवर खूश झालो. मॅडमनी कपाटाकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कपाट इतकं जवळ काऊन ठेवलं रे दिगंबर?" दुसऱ्याच दिवशी मी ते पलीकडच्या भिंतीशी सरकवलं. प्रत्येक फाईलसाठी उठावं लागतं, पण पाठीची कुरकुर बरीच कमी झाली आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मॅडमच्या गौरवग्रंथातला हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळतो. त्यात चूक आमची आहे आणि तिचा मोठा वाटा माझा आहे.

मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता मॅडम अंगणात घसरून पडल्या. आदिलाबादला एक्स-रे फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण कमरेला चांगलाच मुका मार बसला होता. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. मॅडम बेल्याला एकट्याच राहतात, मुलगी प्रज्ञाताई हैदराबादला. तेव्हा साहजिकच आम्ही शिष्य धावलो. गुरूची सेवा म्हटलं की आमच्या अंगात येतं. मी कारकून असल्यामुळे पाळ्यांचा एक सुंदर तक्ता तयार केला. सकाळी कोण, दुपारी कोण, उटनूरच्या शाळेत शिकवणारी लता शनिवार-रविवारी. पाणी हातात द्यायचं, ताट मांडीवर ठेवायचं, उठायचं झालं तर दोघांनी दोन्ही काखांत धरून उचलायचं. असा बिनचूक तक्ता मी कचेरीतही कधी केला नव्हता. मॅडमना दीड महिना जमिनीला पाय म्हणून आम्ही टेकू दिला नाही.

दीड महिन्यानं प्रज्ञाताई आल्या. त्यांच्यासमोर मॅडम खुर्चीतून एकट्या उठायला गेल्या आणि अर्ध्यातूनच धपकन खाली बसल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मार केव्हाच बरा झाला होता, पण मांड्या काडीसारख्या झाल्या होत्या. प्रज्ञाताई म्हणाल्या, "आई, आता तुझं इथं एकटीनं भागणार नाही. दोन महिन्यांनी मी गाडी घेऊन येते. घर बंद करू आणि तू माझ्याकडे चल."

हे घर मॅडमनी नोकरीत असताना स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. इथून शाळेची घंटा ऐकू येते. त्या म्हणाल्या, "अन् मी कोणाचा हात न धरता उठली, चालली, तं?"

"तर मी एक शब्द बोलणार नाही," प्रज्ञाताई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मॅडमनी मला बोलावलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मी ती तक्त्याबरोबर नीट फायलीत लावून ठेवली होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, आठ दिवस आराम. त्याखाली दुसरी ओळ होती, त्यानंतर रोज उभं करावं, थोडं थोडं चालवावं. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

"कचेरीतल्या फायली बी अशाच वाचतो का?" मॅडमनी विचारलं. मी खाली मान घातली. "स्नायू वापरला नाही तं काय होते, दिगंबर?"

"सुकते, मॅडम."

"मंग तुमी सगळे मिळून काय करून राह्यले व्हते?"

मला रडू फुटलं. ज्या बाईनं आम्हाला हा धडा शिकवला, तिच्याच अंगावर आम्ही तो चुकवला होता आणि वर त्याला सेवा म्हणत होतो. मॅडमनी मला थोडं रडू दिलं. मग म्हणाल्या, "पूस डोळे. माझं बी चुकलं. मले समजत नव्हतं का? पण जलमभर कोणी पाण्याचा गिलास हातात दिला नव्हता. गोड लागली सेवा."

दुसऱ्या दिवशी आदिलाबादहून व्यायामोपचार करणारी एक तेलुगू मुलगी आली. तिनं मॅडमना तपासलं, एक साधी लाकडी खुर्ची मागवली आणि तिच्यावर गोधडीच्या चार घड्या रचल्या. बैठक उंच असली की उठायला जोर कमी लागतो. पाय जरा मागे, छाती पुढे, आणि हात न टेकता उभं राहायचं. बसताना तर त्याहून सावकाश, कारण अंग हळू खाली नेतानाही मांडीचा स्नायू काम करतच असतो. "मेल्लगा, मेडम, मेल्लगा," ती म्हणत राहायची. 'हळू' अशा अर्थाचा हा एकच तेलुगू शब्द त्या घरात इतक्यांदा घुमला, की शेजारची कामवाली बाईही भांडी मेल्लगा घासू लागली. एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती, कारण ताणलेला स्नायू विसाव्यातच भरून येतो. भाकरी-ठेच्यावर भागवणाऱ्या मॅडमच्या ताटात दोन्ही वेळा घट्ट वरण आलं, सकाळी अंडं आलं, दुपारी दही आणि शेंगदाणे. नीट जमू लागलं की गोधडीची एक घडी कमी करायची.

मी तक्ता फाडून नवा केला. त्यात 'काय करून द्यायचं नाही' असा एक रकाना घातला आणि तोच सगळ्यात लांब झाला. पाणी द्यायचं नाही, ताट उचलायचं नाही, काखेत धरायचं नाही. पडण्याची भीती होती म्हणून एकानं हातभर अंतरावर उभं राहायचं, पण हात पाठीमागे बांधून. आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही. मॅडमच्या मांड्या थरथरत आणि इकडे माझे बांधलेले हात. दुसरी घडी निघायला तर फार दिवस लागले. एकदा मॅडम वैतागून म्हणाल्या, "राहू दे दिगंबर, हैदराबाद बी वाईट नाही." मी म्हणालो, "मॅडम, तिथं ताईचं घर चौथ्या मजल्यावर हाय अन् खाली लिफ्टनं जातेत. तुमी जिना सोडून लिफ्टनं जासान का?" त्या माझ्याकडे रागानं पाहत राहिल्या आणि रागातच उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशी दुसरी घडी निघाली.

ठरल्या दिवशी प्रज्ञाताई गाडी घेऊन आल्या. मॅडम लाकडी खुर्चीवर बसल्या होत्या, खाली गोधडी नव्हती. लेकीला त्या म्हणाल्या, "बस. चहा टाकतो." पाय मागे घेतले, पुढे झुकल्या आणि उठू लागल्या. अर्ध्यावर आल्या आणि थांबल्या. पाय लटपटले. लता पुढे धावली, तेव्हा मी तिचा दंड पकडून तिला मागे खेचलं. ती अजून त्याबद्दल मला बोलते. मॅडम ओठ दाबून हळूहळू सरळ झाल्या, पूर्ण सरळ झाल्या, पदर खोचला आणि कोणाकडे न पाहता चालत स्वयंपाकघरात गेल्या. आतून आवाज आला, "प्रज्ञा, साखर चालते ना गं तुले?"

प्रज्ञाताईंनी शब्द पाळला. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, नुसत्या मान हलवत राहिल्या आणि डोळे पुसत राहिल्या. निघताना मॅडमनी ती गोधडी त्यांच्या गाडीत टाकली. "ने तुह्याकडं. मले आता लागत नाही."

हा ग्रंथ ज्या समारंभात आपल्या हाती पडेल, तिथे व्यासपीठावर मखमली गादीची, हातांची मोठी खुर्ची मांडायचं गौरव समितीनं ठरवलं होतं. ती मी परत पाठवली आहे. तिच्या जागी मॅडमच्या घरची लाकडी खुर्ची येईल. सत्कार घ्यायला मॅडम उठतील तेव्हा त्यांना कदाचित थोडा वेळ लागेल. माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे, की कोणी हात द्यायला पुढे धावू नये.

पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मॅडमना निरोगी, ताठ आणि शंभर वर्षांचं आयुष्य लाभो. त्यांच्या हृदयाचा स्नायू न सांगता, आणि मांडीचा सांगितल्यावर, असाच काम करत राहो. शंभराव्या वाढदिवशीही त्यांनी याच खुर्चीवरून उठून आम्हाला चहा करून द्यावा. आम्ही हातभर अंतरावर उभे असू, हात पाठीमागे बांधून.