फिलू टीचरांचं बेट

चढ दिसला की फिलू टीचर सायकलवरून उतरायच्या. चढ लागल्यावर नव्हे, दिसल्यावरच. ओढणी कमरेला बांधायची आणि हँडल धरून शांतपणे चालू लागायचं. आमची पहिली भेट नायगावच्या उड्डाणपुलावर झाली. मी नुकताच तिथल्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलो होतो आणि हेल्मेट, हातमोजे, एकवीस गिअर असा सगळा सरंजाम घेऊन सायकल हाणत होतो. साठी उलटलेली बाई सायकल ढकलतेय हे बघून मी थांबलो.

"मावशी, सायकल बिघडलीय का?"

"सायकल ठीक आहे. मी चढाशी भांडत नाही. तू भांड. वर भेटू."

त्या वर आल्या तेव्हा मी कठड्याला टेकून धापाच टाकत होतो. त्यांनी पिशवीतून एक सुकेळं काढून माझ्या हातावर ठेवलं. वाळवलेलं, मधासारखं केळं. "खा. आमच्या नंदाखाल गावच्या वाडीतलं आहे. आणि मावशी नको म्हणू, टीचर म्हण. सगळे तेच म्हणतात."

टीचरांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि शाळेत जाणं-येणं सगळं सायकलवर. बोलणंही भूगोलाचंच. सून रुसली की, "कमी दाबाचा पट्टा आहे, सरकेल." कुणी फार फुशारकी मारली की, "याचं प्रमाण काढा, नकाशा मोठा दिसतोय." आमच्या सोसायटीच्या सायकल ग्रुपमध्ये त्या आल्या, आणि महिन्याभरात आम्ही सगळे त्यांच्यासमोर बाकावर बसल्यासारखे सरळ बसू लागलो.

अंदमानातल्या एका लांबच्या लहान बेटावर सायकलने फिरायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी नाव दिलं टीचरांनी. गुडघे दुखत होते, मुलगा नको म्हणत होता. तरी आल्या.

बेटावर भाड्याने मिळालेल्या सायकलींना गिअर नव्हते, आणि माझ्या सायकलीला ब्रेकही बेताचेच होते. बाकीचे चौघं जेट्टीजवळच्या किनाऱ्यावर पोहायला उतरले. टीचर म्हणाल्या, "मला पूर्ण फेरी मारायचीय. चारची परतीची बोट आहे. कोण येतं?" माझ्याकडे बघून म्हणाल्या, म्हणजे मीच.

पहिल्या तासातच कळलं की या बेटावर सपाट असं काही नाही. टीचर उतरायच्या, चढायच्या, पुन्हा उतरायच्या. "बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग," त्या घाम पुसत म्हणाल्या. "एकतीस वर्षं शिकवलं. व्याख्येत चढ नव्हता रे!"

बाराव्या किलोमीटरला माझ्या पोटरीत गोळा आला. मी रस्त्याकडेला आडवा झालो. त्यांनी माझा पाय धरून अंगठा असा ओढला की एका झाडावरचे पक्षी उडाले.

"टीचर, पुरे ना," मी विव्हळत म्हटलं. "समुद्र काय, बेट काय, आपल्या अर्नाळ्याला पण आहे. कशाला हा हट्ट?"

त्या शेजारी बसल्या.

"नोकरीच्या पहिल्याच वर्षी वर्गात एका मुलाने विचारलं होतं, टीचर, तुम्ही बेट बघितलंय? मी म्हटलं, हो. तर म्हणतो, अर्नाळा सोडून. कार्टा अर्नाळ्याचाच होता. सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, अंदमानचं बघितलंय, सायकलवरून अख्खी फेरी मारलीय. तेव्हा मी दादरच्या पुढे गेले नव्हते."

"एवढंच?"

"एवढंच म्हणू नको. पुढे दरवर्षी तेच सांगत आले. दरवर्षी त्यात थोडं वाढवलं. एका वर्षी तर मगर आली." त्यांनी कपाळावर हात मारला. "कुमसाराला गेले, फादरांपुढे पाप कबूल केलं. फादर हसले आणि प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हणायला सांगितल्या. एकतीस वर्षांच्या खोट्याला तीन? मला काही पटेना."

मी उठलो. पोटरी दुखत होती, पण उठलो.

पुढे दोन किलोमीटरवर डांबर संपलं. समोर वाळू, आणि वाळूच्या टोकाला, खाडीच्या वळणापलीकडे, आमची जेट्टी दिसत होती. आपली माणसं ओळखू येतील इतकी जवळ. पण मधल्या वाळूवर पाणी चढत होतं. आम्ही सायकली ढकलत शंभरेक पावलं गेलो तोवर लाटा गुडघ्यापर्यंत आल्या. एका लाटेने माझी चप्पल नेली.

"टीचर, सायकली इथे ठेवू. मी तुम्हाला धरतो. थोडंच राहिलंय."

त्यांनी जेट्टीकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग म्हणाल्या, "नाही. भूगोल शिकवणाऱ्या बाईने भरतीत जायचं नसतं. फिर मागे."

ज्या चौदा किलोमीटरनी आमचा जीव काढला होता, तेच आता उलटे कापायचे होते. अर्ध्या वाटेवर सुपारीची पोती भरलेला टेम्पो मिळाला. ड्रायव्हरने हळहळून विचारलं, "माताजी, इस उमर में साइकिल?" टीचर पोत्यावर बसत म्हणाल्या, "उमर का कुछ नहीं, चढ बहुत है तुम्हारे इधर." बोट सुटायला तीन मिनिटं असताना आम्ही पोचलो. बोटीत टीचर रेलिंगला डोकं टेकून झोपल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर निराशा शोधत होतो. ती होती. थकवा त्याहून जास्त होता.

परतल्यावर पहिल्याच रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर, त्या मला घेऊन अर्नाळ्याला गेल्या. तो कार्टा आता पन्नाशीचा, जाळं विणत अंगणात बसला होता. टीचरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खोटं, मगर, वाळू, भरती, टेम्पोसुद्धा. तो गोंधळून ऐकत राहिला.

"टीचर, मला तर काय पन आठवत नाय. मी तुमच्या तासाला झोपायचो."

टीचर आधी रागावल्या, मग इतक्या हसल्या की त्याच्या बायकोने पाणी आणलं.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. शेवटच्या आठवड्यात भेटायला गेलो, तेव्हा खोलीत जुने विद्यार्थी जमले होते. डोळे मिटून पडलेल्या टीचरांना बरं वाटावं म्हणून मी जरा मोठ्याने म्हटलं, "तुम्हाला माहितीय? टीचरांनी चौसष्टाव्या वर्षी अंदमानच्या बेटाला सायकलवरून पूर्ण फेरी मारली."

सगळे वा वा म्हणाले. टीचरांनी एक डोळा उघडला.

"पाऊण," त्या म्हणाल्या. "पुढे भरती होती."